मशीनला पाचदा ‘का’ विचारतो, माणसाला एकदा तरी विचारू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चाकण, भोसरी, तळवडे भागात कारखान्यांना माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तरी टिकत नाहीत, असं पेपरात अधूनमधून येत असतं. आजकालच्या पोरांना काम नको, नुसता मोबाइल पाहिजे, हे तर आमच्या कॅन्टीनमध्ये रोज ऐकतो. मी २० वर्षं शॉप फ्लोअरवर आहे, आयटीआय मशिनिस्ट करून ऑपरेटर म्हणून लागलो आणि गेली ११ वर्षं लाइन सुपरवायझर आहे, एका शिफ्टला हाताखाली १४-१५ माणसं असतात. माणसं टिकत नाहीत त्याला पगार, कंत्राट, लांबची खोली, बस ही सगळी कारणं आहेतच, पण एक कारण आम्ही सुपरवायझर लोकंपण आहोत आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र. माणूस काय करतोय ते आम्ही बघतो, आणि तो तसं का करतोय ते त्याला न विचारता स्वतःच ठरवून मोकळे होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लातूरकडचा एक मुलगा व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर होता, वय २२ असेल, शांत, नजर खाली ठेवून बोलणारा. त्या आठवड्यात आमची थर्ड शिफ्ट होती. त्याच्या मशीनवर रिजेक्शन वाढलं होतं, बोअरमध्ये, म्हणजे पीसच्या भोकात, जो जायलाच नको तो नो-गो गेज जायला लागलेला. मी राउंड मारताना पहाटे तीनच्या सुमाराला दोनदा बघितलं तर हा मशीनसमोर उभा आणि हातात मोबाइल. तिसऱ्यांदा गेलो तर मशीन चालू आणि हा जागेवरच नाही. झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं, पोरगं रील बघतंय, मग कंटाळा आला की बाहेर टाइमपास करायला जातंय आणि माल बिघडतोय. सकाळी शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची सहा-सात माणसं चहा घेत उभी होती त्यांच्यासमोर मी त्याला झापलं, जे तोंडाला आलं ते बोललो, गावाकडे परत जा इथपर्यंत बोललो. तो काहीच बोलला नाही, हातातला चहाचा कप तसाच धरून उभा राहिला, आणि तो गप्प राहिला याचाच मी अर्थ लावला की चूक कबूल आहे.

त्या लॉटमधले ३८ पीस कस्टमरकडून परत आले. कस्टमरला व्हाय-व्हायचा फॉर्म भरून द्यावा लागतो, म्हणजे बिघाड का झाला, ते का झालं, परत ते का झालं असं मुळापर्यंत जायचं. मी पहिल्याच ओळीत लिहिलं ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’, पुढे उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’, आणि सही ठोकून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत. तिथल्या क्वालिटीवाल्याने फोनवर सांगितलं की हे कारण आम्ही घेत नाही, ऑपरेटरला बिघडलेला पीस कळला का नाही ते सांगा, त्याला विचारा. मला राग आला होता खरंतर. पण विचारायला गेलो. या सगळ्या प्रकरणात त्या मुलाला मी पहिल्यांदा काही विचारत होतो.

त्याने मला मशीनच्या दारापाशी नेलं आणि म्हणाला सर आत बघा. आत अंधार. मशीनच्या आतली ट्यूब गेलेली होती. दिवसा शेडच्या पत्र्यातून उजेड येतो त्यामुळे पहिल्या शिफ्टला कुणाला जाणवत नव्हतं, रात्री मात्र इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याची धार बसलीये का तुटलीये ते बघायला हा मोबाइलची टॉर्च लावायचा. कूलंटने ओल्या झालेल्या काचेपलीकडे टॉर्चने जेवढं दिसेल तेवढं, म्हणून धार तुटलेली एखाद वेळी सुटायची आणि बोअर बिघडायचे. आणि जागेवर नसायचा कारण रात्रीचा हेल्पर दोन महिन्यांपूर्वी कमी केला होता, कूलंट कमी पडलं की शेडच्या दुसऱ्या टोकाच्या ड्रममधून बादलीने हाच आणायचा. मेंटेनन्सचं रजिस्टर काढलं तर त्यात त्याच्याच अक्षरात दोनदा लिहिलेलं होतं, ‘मशीन नं. ७ आतील ट्यूब बंद आहे’, पहिली नोंद १२ दिवसांपूर्वीची. खाली कुणाचीच सही नाही. मी त्या मशीनपाशी रोज रात्री चार-पाच वेळा जात होतो, त्याचे हात बघत होतो, एकदाही आत वाकून बघितलं नाही.

इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत ट्यूब बदलली.

आमच्या कामात ज्याला सगळे मानतात त्या टोयोटाच्या ताइइची ओनोंचं एक उदाहरण ट्रेनिंगला प्रत्येकाला शिकवतात. मशीन बंद पडलं, का तर ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का, तर बेअरिंगला वंगण कमी. कमी का, पंप नीट ओढत नाही. का नाही ओढत, पंपाचा शाफ्ट झिजला. का झिजला, तर गाळणीच बसवलेली नव्हती आणि धातूचा चुरा आत गेला. फ्यूज बदलून थांबलो असतो तर चार दिवसांनी परत तेच. हे आम्हाला तोंडपाठ आहे. पण माणूस उशिरा आला, चुकला, तोंड पाडून बसला तर आम्ही फ्यूजवरच थांबतो, आळशी आहे, माजलाय, नाटकी आहे, विषय संपला.

याला मानसशास्त्रात नावसुद्धा आहे, ‘फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर’. ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली यावर लिहिलं, की दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावर असलेली परिस्थिती आपल्या हिशोबातच येत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती लगेच आठवते. मी उशिरा आलो तर तळेगाव चौकात ट्रॅफिक होतं, त्याच चौकातून येणारा हेल्पर उशिरा आला तर त्याला शिस्त नाही. आमच्या असेंब्ली लाइनच्या मुली ब्रेकच्या दहा मिनिटं आधीच उठतात म्हणून मीच किती दिवस कुरकुर करत होतो, लेडीज टॉयलेट पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे आणि तिथे रांग लागते हे मला माहीत असून डोक्यात आलं नाही, एका मुलीने सांगितलं तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या काही जणी शिफ्टभर पाणीच कमी पितात.

मला जास्त काळजी वाटते ती शिफ्ट बदलताना होणाऱ्या बोलण्याची. रजिस्टरमध्ये उत्पादन, रिजेक्शन, ब्रेकडाउन लिहितात, पण माणसांबद्दलचं तोंडी सांगतात, ‘त्याच्यावर लक्ष ठेव जरा’, ‘ती सारखी रडगाणं लावते’, ‘मराठवाड्याची पोरं टिकत नाहीत’, ‘बिहारवाल्याला काही सांगू नको, कळत नाही’. पुढचा सुपरवायझर त्याच नजरेने बघायला लागतो आणि बघितलं की तसं दिसतंच. १९६८ साली रोझेंथाल आणि जेकबसन यांचा शाळेतला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात शिक्षकांना सांगितलं होतं की वर्गातली ही ही मुलं यावर्षी पुढे जाणार आहेत, खरंतर ती नावं अशीच चिठ्ठ्या उचलल्यासारखी निवडली होती, आणि वर्षअखेरीला पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा जास्त प्रगती दिसली. त्या प्रयोगावर नंतर बराच वाद झाला हेही खरं आहे. पण ज्याच्यावर शिक्का बसलाय त्याला आम्ही कुठलं मशीन देतो, नवीन काही शिकवायचं असेल तर कुणाला बोलावतो, हे मी २० वर्षं बघतोय, त्यामुळे मला ते पटतं.

चांगल्या अंदाजानेपण नुकसान होतं हे मला उशिरा कळलं. आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, माझ्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना काका म्हणतो. ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला कधी नाही म्हणायचे नाहीत, मी समजून चाललो की पैशाची गरज आहे आणि कामाची आवड आहे, म्हणून प्रत्येक वेळी पहिलं नाव त्यांचंच. दोन वर्षं असं चाललं. मग दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून कळलं की मुलाचं दहावीचं वर्ष, त्यांना संध्याकाळी घरी असायचं होतं, पण एकदा मी त्यांना कंपनीकडून ॲडव्हान्स मिळवून दिला होता म्हणून त्यांना मला नाही म्हणता येईना. मी एका वाक्यात विचारू शकलो असतो, ‘काका, आज थांबायला जमेल का, नाही जमलं तरी चालेल’. मुलाची परीक्षा तोपर्यंत होऊन गेली होती.

कुणी म्हणेल विचारत बसलो तर लोक डोक्यावर बसतील. तसं होत नाही. मागच्या वर्षी एकजण पॅकिंगच्या खोक्यांमागे झोपलेला सापडला, त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही आहे का, तब्येत बरी नाही का, दोन वेळा संधी दिली, तिसऱ्यांदा परत तिथेच. लेखी वॉर्निंग दिली आणि मला रात्री झोप नीट लागली, कारण मला खात्री होती. त्या व्हीएमसीवाल्या मुलाला झापलं तेव्हा असलेली खात्री नुसती माझ्या डोक्यातली होती.

हल्ली मी खिशातल्या डायरीत डाव्या पानावर फक्त जे दिसलं ते लिहितो, ‘३.१० ला मोबाइल हातात’, आणि मला काय वाटतं ते उजव्या पानावर. उजव्या पानावरचं विचारल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय, शिफ्ट देतानासुद्धा. आणि विचारण्याची पण पद्धत असते, चारचौघांत ‘का रे उशीर केलास’ म्हटलं की माणूस बहाणा तरी सांगतो नाहीतर गप्प बसतो, तेच मशीनपाशी एकटा असताना ‘काय अडतंय’ म्हटलं आणि जरा थांबलं तर तो बोलतो. थांबणं अवघड जातं, टार्गेट डोक्यावर असतं. घरचं सगळं उकरून काढायचीही गरज नसते, तो सांगेल तेवढं पुरे.

माझी विनंती उद्योजकांना आणि एमआयडीसीतल्या संघटनांना आहे. छोट्या कंपन्यांत चांगला ऑपरेटर बघून एक दिवस त्याला सुपरवायझर करतात, हातात रजिस्टर आणि कपाटाची किल्ली देतात, माणसं कशी सांभाळायची ते कुणीही शिकवत नाही, मलाही नव्हतं शिकवलं. मशीनच्या ट्रेनिंगला चार-चार दिवस देता, याला दोन दिवस द्या, आणि थर्ड शिफ्टवाल्यांनाही घ्या, त्यांना नेहमी वगळलं जातं. दुसरं म्हणजे तुमच्या कंपनीतल्या व्हाय-व्हायच्या फॉर्मवर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हे कारण म्हणून घेणं बंद करा. आमच्या इथे आता बंद केलंय, ज्याने लिहिलं त्याला फॉर्म परत मिळतो.

त्या मुलाची मी माफी मागितली, त्याच चहाच्या जागेवर, त्याच माणसांसमोर. तो ‘ठीक आहे सर’ एवढंच म्हणाला. नंतर बरेच महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, मी काही म्हणालो नाही, ते त्याच्या हातात होतं. आता तो पहिल्या शिफ्टला सेटर आहे, म्हणजे मशीन लावून देणारा. पत्र छापलंत तर कात्रण आमच्या नोटीस बोर्डावर लावणार आहे, त्याला आधी दाखवूनच.

आपला,
एक लाइन सुपरवायझर, भोसरी