पगारपत्रकावर शिल्लक रजा दिसलीच पाहिजे

महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, बेतोडा, थिवी इथल्या कारखान्यांत आणि किनारपट्टीवरच्या हॉटेलांत रजेच्या अर्जांवरून धुसफूस सुरू होते. ‘तुझी रजा शिल्लकच नाही’ असे सुपरवायझर सांगतो आणि कामगार मुकाट्याने मागे फिरतो, कारण आपली किती रजा जमली, किती खर्ची पडली हे त्याला कुठेच लिहिलेले दिसत नाही. भरपगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो बुडतो तो बहुतेक वेळा हिशेबात, म्हणून या पत्रात हिशेबच मांडत आहोत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० हिने १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा घेतली. पूर्वी वर्षात २४० दिवस काम भरल्याशिवाय वार्षिक रजा मिळत नसे, आता १८० दिवस पुरतात. दर पूर्वीचाच आहे : प्रत्यक्ष कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस. महिन्याला २६ दिवस भरणाऱ्याचे १८० दिवस जुलैअखेर पूर्ण होतात. ले-ऑफचे (काम नसल्याने मालकाने तात्पुरते घरी बसवल्याचे) दिवस, २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा आणि आदल्या वर्षी कमावून यंदा घेतलेली रजा हे सगळे १८० च्या मोजणीत धरायचे असते, फक्त त्या दिवसांवर नवी रजा जमत नाही. अनेक ठिकाणी संगणकात हे दिवस सरळ ‘गैरहजर’ म्हणून चढवले जातात आणि बाळंतपणाहून परतलेली बाई वर्षाअखेर अपात्र ठरते. हे बेकायदा आहे.

ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. त्याहून लहान दुकाने, खानावळी आणि शॅक (किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहे) यांच्यासाठी गोवा, दमण व दीव दुकाने व आस्थापना कायदा, १९७३ पाहावा लागतो.

गोव्यात सर्वांत जास्त रजा बुडते ती हंगामी कामगारांची. ऑक्टोबर ते मे काम करून घरी जाणाऱ्याला सांगितले जाते की तुझे १८० दिवस एका वर्षात भरलेच नाहीत. वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे मोजायचे असल्याने वरवर हे खरे वाटते. पण १ जानेवारीनंतर कामाला लागलेल्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे : वर्षाचे जेवढे दिवस उरले असतील त्यांच्या एक चतुर्थांश दिवस काम केले की तो रजेला पात्र होतो. १ ऑक्टोबरला रुजू झालेल्यासाठी उरलेले दिवस ९२, म्हणजे २३ दिवस भरले की झाले. डिसेंबरअखेर १३ साप्ताहिक सुट्या वजा जाता ७९ दिवस भरतात. ७९ भागिले २० म्हणजे ३.९५. अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा असतो, म्हणून रजा ४ दिवस.

पुढे जानेवारी ते मे हे १५१ दिवस. मेअखेर कामावरून कमी केले किंवा कामगाराने स्वतः काम सोडले, तर १८० दिवसांची अट आड येत नाही. जेवढे दिवस काम झाले तेवढ्यावर त्याच दराने रजेचे पैसे द्यावेच लागतात. त्याला २२ साप्ताहिक सुट्या मिळाल्या असतील तर कामाचे दिवस १२९, भागाकार ६.४५, रजा ६ दिवस. सुट्या २१ असतील तर १३० दिवस, ६.५, म्हणजे ७ दिवस. हजेरीपटावरची एक खूण राहिली तर एका दिवसाचा पगार जातो, तो असा. पूर्ण हंगामाचे मिळून १० ते ११ दिवस होतात. महिना १५,००० रुपये वेतनावर, २६ ने भागून, १० दिवसांचे सुमारे ५,७७० रुपये. घेतलेली रजा वजा करून उरलेली रक्कम काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत हातात पडायला हवी. ‘पुढच्या ऑक्टोबरला ये, तेव्हा बघू’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

दुसरी गळती रजा घेताना होते. रजेच्या मध्ये किंवा तिच्या दोन्ही टोकांना आलेल्या सुट्या रजेत मोजता येत नाहीत. यंदा चवथ सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. समजा एखाद्याने शनिवार १२ ते गुरुवार १७ रजा मागितली. रविवार साप्ताहिक सुटी आणि सोमवार कंपनीची सणाची सुटी असेल, तर रजा खर्ची पडते ती चार दिवस. सहा दिवस कापणे चूक आहे. ‘सुटीला जोडून रजा घेतली तर सुटीही कापू’ असे नियम फलकावर लावले जातात. अंतर्गत नियम कामगाराला कायद्याहून अधिक देऊ शकतो, कमी देऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट नाकारलेल्या रजेची. वर्षाअखेर उरलेली रजा पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंत नेता येते. त्याहून जास्त जमली तर वरच्या दिवसांचे पैसे घेता येतात, आणि वर्ष संपताना मागणी केली तर शिल्लक रजेचेही पैसे मागता येतात. पण रजा मागूनही मिळाली नसेल, तर ती रजा कितीही असली तरी पुढे नेता येते, तिला ३० ची मर्यादा नाही. म्हणूनच तोंडी मागणे घातक. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर अधिकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने तोच मजकूर पाठवून ठेवावा. ‘नाही’ हे उत्तरही लेखी आले तर उत्तम.

रजेचे पैसे कोणत्या वेतनावर मोजायचे, हा वाद कारखान्यांत आता वाढणार. संहितांतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिसळायचा. एखाद्या मशीन ऑपरेटरला ३६,००० रुपये मिळतात, त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता १४,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे २२,००० आहेत असे धरू. निम्मे म्हणजे १८,०००. भत्ते त्याहून ४,००० ने जास्त, म्हणून वेतन १८,००० धरायचे. सात दिवसांच्या रजेचे पैसे १४,००० वर मोजले तर सुमारे ३,७७० रुपये होतात, १८,००० वर सुमारे ४,८५०.

हॉटेलांच्या किचनमधली ब्रेक शिफ्टही रजेशीच जोडलेली आहे. सकाळी १० ते ३ आणि संध्याकाळी ७ ते साडेअकरा म्हणजे साडेनऊ तास काम. आठ तासांवरच्या दीड तासाला दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात. त्याऐवजी ‘सीझन संपल्यावर कॉम्प ऑफ देतो’ असे सांगितले जाते. बदली सुटी असते ती साप्ताहिक सुटीच्या दिवशी काम करवून घेतले तर, आणि तीही त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. ओव्हरटाइमच्या पैशांच्या जागी ती देता येत नाही. नाताळात साप्ताहिक सुटीला कामावर बोलावलेल्या माणसाला मे महिन्यात दिलेली सुटी उशिराची आहे.

औद्योगिक वसाहतींत कॉन्ट्रॅक्टर बदलला की जमलेली रजा शून्य होते, माणूस मात्र त्याच मशीनवर राहतो. जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडचे काम संपले तेव्हाच त्याने शिल्लक रजेचे पैसे चुकते करायला हवेत. त्याने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीत काम चालते तिच्यावर येते. हे कंपन्यांच्या एचआर विभागांना चांगले ठाऊक आहे, कामगारांना नाही.

आजारपणाबद्दल थोडक्यात : महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांच्या पगारातून ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी) ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरले असतील, तर त्याला जोडलेल्या लाभकाळात ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, सहसा पहिले दोन दिवस सोडून. पावसाळ्यात डेंग्यूने आठवडाभर पडलेल्याची वार्षिक रजा परस्पर कापण्यापूर्वी त्याला हे सांगायला हवे.

आता मागणी. चार संहितांतल्याच वेतन संहितेनुसार पगारपत्रक देणे बंधनकारक आहे. नेमणूकपत्र नसलेल्या जुन्या कामगारांना ते देण्याची तीन महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. पाटो-पणजीच्या श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तालयाने प्रत्येक पगारपत्रकावर पाच रकाने छापायला लावावेत : आरंभीची शिल्लक, या महिन्यात जमलेली रजा, घेतलेली, नाकारलेली, उरलेली. ते मराठी आणि कोकणीत असावेत, कारण या कामगारांपैकी अनेकांना इंग्रजी पत्रक वाचता येत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरमध्येच, निरीक्षकांनी हॉटेलांचे हजेरीपट आणि मे महिन्यातले अंतिम हिशेब तपासावेत. जानेवारीत गर्दीच्या वेळी गेलेल्या निरीक्षकाला मे महिन्यात निघून गेलेला माणूस भेटत नाही.

ज्यांचे पैसे आधीच बुडाले आहेत त्यांना वेतन संहितेखाली तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. तो स्वतः करता येतो किंवा नोंदणीकृत संघटनेमार्फत. पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरीही हजेरीकार्डाचा महिनाअखेरचा फोटो, बँकेचे पासबुक आणि रजेच्या अर्जाची पोच एवढे कागद सोबत जोडले तर दावा तारखांवर तारखा घेत रेंगाळण्याची शक्यता बरीच कमी होते.

आपले,
कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करणारे काही नागरिक, फोंडा