काका, त्या चिंध्यांसाठी

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून, चारचौघांत. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आधी तुमच्या अगोदर येऊन गेलेल्यांबद्दल थोडं बोलू द्या, पोटात ठेवून उपयोग नाही. आमच्या घराबाहेरच्या लाकडी कठड्याला आणि पायऱ्यांना पहिल्यांदा ज्यांनी हात लावला, त्यांनी जाड चकचकीत वॉर्निश चढवलं आणि "आता काही वर्षं बघायलाच नको" म्हणून पैसे मोजून घेऊन गेले. वर्ष सरायच्या आत पापुद्रे सुटले. भेगांतून पाणी आत शिरायचं आणि वरच्या थरामुळे बाहेर पडायला वाट मिळायची नाही. वरून झकपक, आणि अंगठ्याने दाबलं तर लाकूड आत जातंय. तक्रार केली तर म्हणाले, लाकूडच हलकं आहे. दुसऱ्यांनी ते घासून काढलं आणि पुन्हा तोच थर दिला, फक्त जास्त पैशांत. त्यांनी नंतर फोन उचलणंही बंद केलं.

मग तुम्ही आलात. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून खांबाच्या बुडाशी टोचून पाहिलंत आणि म्हणालात, "आत्ता काम नाही करणार. लाकूड ओलं आहे." हातात आलेलं काम परत ठेवणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता.

लाकूड वाळल्यावर तुम्ही तो पाइन टारचा डबा उघडलात तेव्हा सगळीकडे धुराचा वास भरला. तुमच्याबरोबरच्या पोराने नाक मुरडलं. त्यावर तुम्ही त्याला काम करता करताच सांगत होतात, की हे रस्त्यावरचं डांबर नव्हे. राळेने भरलेले चिडाचे बुंधे आणि मुळं हवा कोंडून मंद आचेवर तापवली की हे ठिबकतं, मागे उरतो कोळसा. नॉर्वेतल्या उर्नेसच्या १२व्या शतकातल्या लाकडी चर्चचं नावही मी तुमच्याच तोंडून ऐकलं. तिकडे अशा चर्चच्या लाकडाला पिढ्यान् पिढ्या हेच फासत आलेत. स्वीडनने १६४८ साली याच टारच्या व्यापारासाठी मक्तेदारीची कंपनी काढली होती म्हणे, कारण जहाजं आणि दोरखंड याच्यावाचून टिकत नसत. पोरगं ऐकतंय की नाही याची तुम्हाला फिकीर नव्हती. मी मात्र दारात उभी राहून सगळं ऐकत होते.

मिश्रण कसं केलंत, जवसाचं तेल किती, टर्पेंटाइन किती, ते इथे लिहीत नाही. ते तुमचं. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. खांबांची खालची कापलेली तोंडं, जी कुणाला दिसतही नाहीत, तिथे तुम्ही उकिडवे बसून ब्रश टेकवून राहिलात. लाकूड पीत होतं, तुम्ही पाजत होतात. प्यायचं थांबलं तसं वरचं जास्तीचं पुसून घेतलंत आणि पुढच्या खांबाकडे सरकलात. आधीच्यांनी त्या तोंडांना थेंबही लावला नव्हता, आणि कुजायला सुरुवात नेमकी तिथूनच झाली होती.

तरीही हे पत्र त्या कामासाठी नाही. कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, हिशोब मिटला.

हे पत्र त्या संध्याकाळसाठी आहे. सामान आवरून तुम्ही निघून गेला होतात. दिवेलागणीला पुन्हा फाटक वाजलं. तुम्ही एकटेच, धापा टाकत. "ताई, पुसायच्या चिंध्या पोराने कुठे टाकल्या?" जिन्याखालच्या खोक्यात त्या कोंबलेल्या होत्या. तुम्ही बोळे बाहेर काढलेत आणि मधला एक माझ्या हातात दिलात. गरम होता. नुसता उबदार नाही, चांगला गरम. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडली की काही तासांत कापड आपोआप पेटू शकतं, काडी लागत नाही की ठिणगी. हे तुम्ही मला दोन वाक्यांत सांगितलंत, आवाज न चढवता. जिन्यावर माझी मुलं खेळत होती.

मग तुम्ही एकेक चिंधी झटकून, मोकळी करून, बाहेर दगडांवर पसरत गेलात, घडी पडू न देता. मी पुढे झाले तर "तुमचे हात खराब होतील" म्हणालात. परत यायचा खर्च विचारला तर ऐकू न आल्यासारखं केलंत. दुसऱ्या दिवशी त्या पोराला घेऊन आलात आणि न रागावता त्याच्याच हातांनी त्या सुक्या, कडक झालेल्या चिंध्या गोळा करवून घेतल्यात. तो काय शिकला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ज्यांचं काम बिघडलं होतं, ते बोलावूनही आले नाहीत. तुमचं काम चोख झालेलं, पैसे खिशात, पाय घराकडे वळलेले, आणि तुम्ही अर्ध्या वाटेवरून उलटे फिरलात. तुम्ही आला नसतात तर मला कधी कळलंही नसतं की यायला हवं होतं. माणसाची नियत कागदावरच्या हमीत बघायची सवय मला लागली होती. त्या कागदांचा गठ्ठा परवा रद्दीत दिला.

सुरुवातीला काही दिवस कठडा हाताला चिकटत होता, तुम्ही सांगितलं होतंत तसाच. शेजारच्यांनी "हे काय काळपट करून घेतलंत" असंही विचारून झालं. आता चिकटपणा गेला आहे, उन्हात लाकडाची नस दिसते आणि पापुद्रा म्हणून कुठे नाही. उन्हाची बाजू आधी फिकी पडेल म्हणाला होतात, तिकडे लक्ष ठेवून आहे. उरलेल्या टारच्या डब्याचं झाकण घट्ट बसवून ठेवलंय. पुढचा हात द्यायची वेळ आली की कळवीन, पण या खेपेला चिंध्या पसरायचं काम माझ्याकडे.

तुमची,
पायऱ्यावाली ताई