पळीभर तेल आणि मापाऱ्याचा वाटा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. यादवांच्या काळी साधी माणसं दिवसभर करायची काय, हा तुझ्या लेकीचा प्रश्न तू माझ्याकडे धाडलास, हे फार बरं केलंस. मला याच प्रश्नाने कधीचं झपाटलंय. रामदेवराव, हेमाद्री पंडित आणि खिलजीची स्वारी एवढं सांगितलं की आपली पाठ्यपुस्तकं तेराव्या शतकाचा निरोप घेतात. त्या राज्यातल्या तेल्या-वाण्याची कुणी वास्तपुस्त करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिला आधी पाटणचा शिलालेख सांग. चाळीसगावजवळ पाटणादेवीला सापडलेला, शके ११२८ मधला, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. घराण्यांची थोरवी संस्कृतात आहे, पण शेवटी देण्याघेण्याची वेळ आली तशी भाषा मराठी झाली. ज्यांच्याकडून वसूल करायचं, त्यांना ते कळायला नको का!

आणि काय काय आहे त्यात! बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर यापुढे मठाचा. जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांनी घाण्यामागे पळी-पळी तेल द्यायचं. जे काही मापायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. या दोन-चार ओळींत अख्खा गाव उभा राहतो बघ. म्हणजे तिथे बाजार भरत होता, घाणे फिरत होते, मापावर पोट असलेला माणूस होता आणि त्याचा वाटा बुडू नये म्हणून तो दगडावर कोरला गेला. सिद्धान्तशिरोमणीसारखा भास्कराचार्यांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवणारी शाळा तेल्याच्या पळीवर चालत होती. मला तरी हे कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतं.

खाण्याचं म्हणशील, तर त्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका यांतलंही काही नव्हतं. हे सगळं पोर्तुगीज आल्यावर, सोळाव्या शतकापासून आलं. तिखटपणा मिऱ्यांचा, आल्याचा. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा नाही, हे ऐकून तुझी लेक नक्की हळहळेल.

बायकांचं जग पाहायचं तर लीळाचरित्र. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसा-माणसाला विचारून गोळा केल्या, त्यामुळे त्यात कोण कुठे उतरलं, काय जेवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं येतं. त्यातल्या महादाइसेवर, स्वामींच्या या शिष्येवर, माझा फार जीव आहे. ती सतत काही ना काही विचारत राहायची आणि स्वामींना त्याचं कौतुक होतं. पाळीच्या विटाळाबद्दल स्वामींनी सांगितलं की शरीराच्या इतर द्वारांतून जसं काही बाहेर पडतं, तसंच हेही, त्यात अपवित्र काही नाही. आठशे वर्षं होत आली. आपल्या घरांत आजही किती जणींना वेगळं बसावं लागतं!

पण तो काळ गोड होता असं मात्र तिला सांगू नकोस. आपल्या गावोगावी देवळांबाहेर वीरगळ उभे असतात, त्यातल्या पुष्कळांच्या तळाला गाई कोरलेल्या दिसतात. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना गावचं कुणी पडलं, त्याचा तो दगड. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतायत, वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलाय. गुरं गेली की नांगर थांबला, म्हणून त्यासाठी जीव दिला जायचा. गधेगळ, म्हणजे दानाचा शापाचा दगड, तर मला बघवत नाही. दान मोडणाऱ्याला शाप म्हणून खाली गाढव आणि बाई कोरलेली. गुन्हा एकाचा आणि विटंबना त्याच्या आईची, हा न्याय तेव्हाही समाजाला सहज पटत होता.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन चाळीसगावला ये. पाटणादेवीचं रान पावसाळ्यानंतर हिरवंगार असतं, जवळच पितळखोऱ्याची लेणीही आहेत. चालायची तयारी ठेवा, पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या. वहिनींनाही आण, त्यांच्याशी निवांत बोलणं झालेलं नाही. कधी येताय ते आधी कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

तुझा,
अविनाश