पोर्तोच्या नदीकाठावरून

प्रिय अन्या,

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून लिहितोय. रिबैरा हा इथला नदीकाठचा जुना भाग. 1996 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि आता चालायला वाट मिळेल तर शपथ! अरुंद, उंच घरं एकमेकांना खेटून उभी. खाली हॉटेलांची टेबलं, वर गॅलऱ्यांत चादरी आणि बनियनी वाळत घातलेल्या. त्या बघून बरं वाटलं. म्हणजे अजून कुणीतरी इथे राहतंय.

समोर डौरो नदी आणि तिच्यावर 1886 सालचा दुमजली लोखंडी पूल. आराखडा सेरिग नावाच्या इंजिनिअरचा. तो पूर्वी आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा भागीदार, त्यामुळे लोक पूल खुशाल आयफेलच्या नावावर खपवतात. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि माणसं रुळांच्या कडेनं निवांत फिरतात. पलीकडच्या काठावर गाया नावाचं शहर, तिथे पोर्ट वाइनची गोदामं. पूर्वी वरच्या खोऱ्यातून वाइनची पिंपं होड्यांतून यायची. त्या होड्या आता जाहिरातीपुरत्या काठाला बांधल्यात.

पण मी थांबलो ते पुलाजवळच्या भिंतीपाशी. तिथे काळपट पडलेलं ब्राँझचं एक उठावशिल्प आहे. 29 मार्च 1809 ला नेपोलियनचा सेनापती सूल्ट शहरात घुसला. लोक जीव मुठीत धरून नदीकडे धावले. तेव्हा पक्का पूल नव्हता, होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या. गर्दीच्या रेट्यानं तो मोडला आणि हजारो माणसं बुडाली. शिल्पात तीच झुंबड. खाली मेणबत्त्या, बऱ्याचशा विझलेल्या. एक आजीबाई आल्या, भाजीची पिशवी खाली ठेवली, मेणबत्ती लावली, छातीवर क्रूस केला आणि पिशवी उचलून चालत्या झाल्या. पाठीमागे लोकांचे सेल्फी चालूच. गाइडही पुलाचीच टकळी चालवत होता, इकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मला राग आला, खरं सांगतो.

वर चढून गेलं की सांव बेंतू स्टेशन. भिंतीभर निळ्या टाइल्सची चित्रं, सुमारे 20 हजार टाइल्स, कलाकार जॉर्ज कोलासो. पणजीच्या आझाद मैदानाजवळच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीतल्या टाइल्स त्याच्याच! तू पणजीत जन्म काढलास, एकदा आत शिरून नीट बघ आणि फोटो पाठव, मला दोन्ही शेजारी लावून बघायचेत.

पोर्टची एक बाटली तुझ्यासाठी घेतलीय. वहिनींना एवढ्यात बोलू नकोस.

तुझा,
दिलीप