मुठीचे वजन लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका मासिकाने घरगुती पाककृती मागवल्या होत्या, म्हणून मी सांबारवडीची कृती पाठवली. आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे इथल्या भाजीबाजारात कोणीही सांगेल. छापून आली तेव्हा 'दोन जुड्या सांबार'च्या जागी 'दोन चमचे सांबार मसाला' झाले होते. माझी भाची पुण्याला असते. तिने ते वाचून वड्या करायला घेतल्या आणि मला फोन केला, "मावशी, सारण एवढंसंच कसं गं? पारीत भरायला काही उरतच नाही." त्या दिवशी मला जेवण गेले नाही. माझ्या सासूबाईंची कृती म्हणून भलतेच काहीतरी छापले गेले होते, आणि कोणीतरी ते कात्रण जपूनही ठेवले असेल.

सांबारवडी आणि कोथिंबीरवडी एक नव्हे, तेही सांगते. कोथिंबीरवडीत कोथिंबीर पिठात कालवून वाफवतात. सांबारवडीत सांबार हेच सारण. तो धुऊन जुन्या सुती लुगड्यावर रात्रभर पसरायचा, कारण पाण्याचा अंश राहिला की वडी तेलात फुटते. तीळ, खसखस, सुके खोबरे, हिरवी मिरची तेलावर परतायची, त्यात चिरलेला सांबार टाकायचा आणि लगेच गॅस बंद करायचा. तो नुसता कोमेजला पाहिजे, शिजायला नको. बेसनाच्या पारीला आतून चिंच-गुळाचा कोळ लावायचा, सारण भरून पुडी बांधतो तशी घडी घालायची (म्हणूनच काही घरांत हिला पुडाची वडी म्हणतात), मग तळायची. सोबत कढी हवीच.

त्या फोननंतर मी ठरवले की घरातली प्रत्येक कृती आपणच नीट लिहायची. सासूबाई तेव्हा ८४ वर्षांच्या होत्या. सूनबाई केकसाठी वापरते तो डिजिटल काटा मी ओट्यावर मांडला आणि म्हटले, "आई, तुम्ही नेहमीसारखा गोळाभात करा, मी फक्त मोजते." त्या म्हणाल्या, "मूठ कायची मोजून राहिली बाई? मूठ म्हणजे मूठ." मी त्यांच्या प्रत्येक मुठीचे तांदूळ काट्यावर घेतले. ४१ ग्रॅम, ४३, ४२, ४२, ४१. लग्न झाल्यापासून मी समजत होते की आई सगळे अंदाजे करतात. त्या अंदाजात दोन ग्रॅमचा फरक होता.

मग गोळ्यांचे मोजले. चण्याच्या डाळीचा भरडा, तिखट, हळद, हिंग, मीठ आणि तेलाचे मोहन. मोहन किती? तर भरडा मुठीत दाबल्यावर मुटका राहिला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलल्यावर मोडला पाहिजे. मोहन कमी पडले की गोळा घशाला बसतो, जास्त झाले की भातात विरघळतो. गोळे भातात कधी ठेवायचे हे तर मला कोणत्याच पुस्तकात सापडले नव्हते. आईंनी पातेल्याजवळ कान नेला आणि म्हणाल्या, "पाण्याचा आवाज बंद झाला का मंग ठेव गोळे." भाताला वर भोके पडतात, पाणी दिसेनासे होते, पण तांदळाचा दाणा अजून पोटात कच्चा असतो, ती वेळ. झाकण घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे. वरून कडकडीत हिंगाची फोडणी. मी हे सगळे त्याच संध्याकाळी वहीत उतरवले. दोन वर्षांनी त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हा पुन्हा मोजली, तर मूठ ३० ग्रॅमवर आली होती. पहिली नोंद नसती तर मी ती ३० ग्रॅमची मूठच खरी मानली असती.

माझ्या हातून निसटलेलेही सांगते. आईंच्या माहेरची, भंडाऱ्याची, १९५३ सालची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात अनारशाची कृती अशी: 'तांदूळ एक चिपटं, गूळ दोन आण्याचा.' चिपटे म्हणजे पाव शेर, चार शेरांची पायली. पण प्रत्येक घरचे पितळी चिपटे जरा वेगळे भरायचे. १९५६ च्या कायद्याने किलो-लिटर आले, १९५७ साली आणेही गेले. दोन आण्यात त्या वेळी भंडाऱ्याच्या बाजारात किती गूळ मिळायचा हे आता कोणाला विचारू? तरी आमचे चिपटे घरात होते. ते मी १९८८ साली स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात मोडीत दिले. आईंनी अडवले नाही. ती वही चिपट्याशिवाय वाचता येत नाही हे मला फार उशिरा कळले. चार दिवाळ्या मी वेगवेगळे प्रमाण करून पाहते आहे, अनारसा अजून तुपात पसरतो.

नातू म्हणतो, आजी, व्हिडिओ काढायचा. काढलाय, माझ्याकडे आहे. त्यात आईंचा हात दिसतो, मुठीत किती आहे ते दिसत नाही, आणि पंख्याच्या घरघरीत पातेल्याचा आवाज तर ऐकूच येत नाही.

आपल्या संत्र्याला, भिवापुरी मिरचीला, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, फार चांगले झाले. त्या मिरची-हळदीचे घरात काय करायचे, तेही तितक्याच काळजीने नोंदले जावे.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आपण पाककृती छापता तेव्हा ती कोणत्या गावची, कोणाच्या हातची, हे एका ओळीत द्यावे. 'चवीनुसार' आणि 'अंदाजे' आले की पाठवणाऱ्याकडून वजन मागून घ्यावे. सोले (तुरीचे ओले दाणे), भरडा (जाडसर दळलेली डाळ), सरगुंडे (काडीवर गुंडाळून केलेला शेवयांसारखा गव्हाचा प्रकार) हे शब्द बदलू नयेत, हवा तर शेजारी अर्थ द्यावा. आणि वाचकांना सांगते, घरातले म्हातारे माणूस ओट्याशी उभे राहू शकते आहे तोवर या हिवाळ्यातच काटा घेऊन बसा. त्यांना प्रमाण विचारू नका, सांगता येत नाही. त्यांना करू द्या आणि तुम्ही मोजा.

सांबारवडीची कृती ग्रॅमच्या मापासह सोबत जोडली आहे. जागा असेल तर छापावी. त्यातला सांबार कृपया सांबारच ठेवावा.

आपली,
एक गृहिणी
महाल, नागपूर