एक ‘च’, दोन उच्चार आणि पुस्तकात खूण नाही

संपादक महोदय,

जत तालुक्यातली कन्नड घरांतली मुले मराठी वाचू लागली, की ‘चूल’, ‘चाक’, ‘चूक’ यांतला ‘च’ ‘चंद्रा’तल्या ‘च’सारखा म्हणतात. त्यावर ‘अशुद्ध बोलतो’ असा शेरा बसतो. तो अन्याय आहे. कन्नडात असा भेद नाही आणि मराठी लिपी तो दाखवत नाही. मग मुलांना कळावा कुठून?

चंद्र, चिमणी, चेंडू यांतला च तालव्य. जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूला लागतो. चूल, चाक, चोर यांतला दंततालव्य. त्यात जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते आणि ‘त’ सुटतासुटता ‘स’ होतो. ज आणि झ असेच दुहेरी. छ मात्र नेहमी तालव्यच. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही च आहेत.

ही नुसती लकब नव्हे. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘शंभर वर्षे जग’, ‘चार गुरे’ आणि ‘गुरे चार’: अक्षरे तीच, उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. ध्वनी बदलल्याने अर्थ बदलत असेल तर ते दोन स्वतंत्र स्वनिम. आता ‘डबा’ आणि ‘वाडा’ यांतला ड ऐका. पहिल्यात जीभ टाळूला घट्ट टेकते, दुसऱ्यात फटकन लागून पुढे येते. अर्थ मात्र यामुळे कुठेच बदलत नाही, म्हणून ती एकाच स्वनिमाची स्वनांतरे, म्हणजे उच्चारातली दोन रूपे. मुलाचा ‘वाडा’ सुधारण्यात तास घालवू नये, ‘जग’साठी जरूर घालवावा.

इ, ई, ए, य पुढे आले की उच्चार तालव्यच: आमचा पण आमची, काच पण काचेला. या ध्वनींसाठी जीभ टाळूकडे उचललेलीच असते, म्हणून च तिकडे सरकतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले चरण, विचार, जन हेही तालव्य. उरलेल्या मराठी शब्दांत अ, आ, उ, ऊ, ओ यांच्या आधी बहुधा दंततालव्य. चार ही संख्या आणि चहा असे अपवाद पाठच करावे लागतात.

शिकवताना आधी कान तयार करावा. शिक्षकाने तोंडापुढे कागद धरून ‘जग’चे दोन्ही उच्चार 20 वेळा उलटसुलट म्हणावेत, मुलाने अर्थ सांगावा. नुसत्या अंदाजानेही दहाएक बरोबर येतात, म्हणून 17च्या पुढे गेल्याशिवाय बोलायला लावू नये. जो फरक ऐकूच येत नाही, तो जिभेला सापडत नाही. मग ‘त’साठी जीभ टेकवून क्षणभर दाबून धरायची आणि ‘स’वर सोडायची. जीभ टेकलीच नाही तर ‘चूक’चे ‘सूक’ होते. मध्ये अ शिरला तर ‘तसूक’. सुरुवातीला दोन्ही होणारच, रागावू नये.

आमची मागणी एवढीच, की पहिली-दुसरीच्या पुस्तकांत दंततालव्य च, ज, झ यांखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा: च़ूल, ज़ुना, झ़ाड. ‘ज़’साठी हिंदीत तो वापरतातच, संगणकावरही उमटतो. तिसरीपासून काढून टाकावा. तोवर शिक्षकांनी पेन्सिलीने टिंब द्यायला हरकत नाही. फक्त ‘आमची’, ‘काचेला’ अशा रूपांखाली ते चुकून पडू देऊ नये.

— मराठी शिकवणारे काही शिक्षक, सांगली