ठणठणीत राहिलेल्यांनाही विचारा

वसतिगृहात जेवणातून विषबाधा झाली की पहिला वार आचाऱ्यावर होतो आणि दुसरा भांड्यांवर. चौकशीची माणसे येईपर्यंत पातेली लख्ख घासलेली, उरलेले अन्न कचऱ्यात. मग तपासायचे काय?

खरे तर घड्याळच बरेच सांगून जाते. जेवणानंतर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या, तर संशय स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूने अन्नात आधीच सोडलेल्या विषावर जातो. हे विष अन्न पुन्हा उकळूनही जात नाही. ताप आणि जुलाब उशिरा, कधी दोन-तीन दिवसांनी आले, तर साल्मोनेला या जिवाणूचा विचार करावा लागतो. म्हणून कोणी काय खाल्ले, केव्हा खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे. ज्यांना काहीच झाले नाही त्यांच्याकडूनही! दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय नेमका पदार्थ हाती लागणे कठीण, पण त्यांना विचारतो कोण? शौचाचे नमुनेही प्रतिजैविके सुरू होण्याआधी घ्यायला हवेत.

तोवर व्यवस्थापनाने उरलेले अन्न झाकून, वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवावे. आणि सामायिक फ्रीजमधला तो बेवारस डबाही तपासावा. चौकशीतून तो हमखास सुटतो.

– एक पालक